विश्लेषण : हृदयाची झडप बदलली, पण पुढच्या वीस वर्षांचा हिशेब कोण ठेवणार?

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यातले सास्तूर हे नाव राज्याला कळले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारी-सास्तूर पट्ट्यातील त्या भूकंपानंतर गावोगाव घरे आणि माणसे मोजली गेली. कोण गेले, कोण वाचले, कोणाचे घर पडले याच्या याद्या झाल्या आणि त्या याद्यांवरच पुनर्वसन उभे राहिले. त्याच्या आदल्या दिवशी, २९ सप्टेंबरला, आता दर वर्षी जागतिक हृदय दिन पाळला जातो. त्या निमित्ताने हृदयशस्त्रक्रियांचे आकडे प्रसिद्ध होतात. किती बायपास झाल्या, किती झडपा बदलल्या, योजनेतून किती खर्च झाला हे त्यात असते. झडप बदललेला माणूस पाच, दहा, वीस वर्षांनी कसा आहे, याचे उत्तर मात्र त्यात सहसा नसते.

वैद्यकशास्त्रात या प्रश्नाचा पाठपुरावा करणारी स्वतंत्र शाखा आहे. तिला ‘आउटकम्स रिसर्च’ म्हणजे उपचारांच्या परिणामांचा अभ्यास म्हणतात. कोणती झडप कोणाला बसवावी, कोणती गोळी द्यावी, कोणते रुग्णालय चांगले, हे सारे निर्णय याच अभ्यासावर ठरतात. सास्तूरसारख्या गावातील रुग्णाचा त्याच्याशी काय संबंध, ते समजून घेऊ.

झडपा बिघडतात कशा?

हृदयात चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने पुढे जावे आणि मागे येऊ नये, हे त्यांचे काम. विहिरीवरच्या पंपाला जसा फूट व्हॉल्व्ह असतो, तसेच. झडप नीट उघडली नाही तर रक्त मागे तुंबते, नीट मिटली नाही तर ते गळते. दोन्ही प्रकारांत हृदयावरचा ताण वाढतो. चालताना धाप लागते, रात्री आडवे झाले की दम कोंडतो, पायांवर सूज येते.

श्रीमंत देशांत झडपांचा आजार प्रामुख्याने म्हातारपणाचा आहे. वयानुसार झडपेवर कॅल्शियम साचते आणि ती कडक होते. आपल्याकडे मात्र मोठा वाटा ऱ्हुमॅटिक हृदयरोगाचा आहे. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे घसा दुखतो, त्यावर नीट उपचार होत नाहीत. काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि सांधे सुजतात. शरीराची प्रतिकारशक्ती जिवाणूऐवजी स्वतःच्याच झडपांवर हल्ला करते. असे हल्ले पुन्हा पुन्हा झाले की झडप जाड आणि आखूड होते, तिच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात. जगभरात सुमारे ४ कोटी लोकांना हा आजार असून दर वर्षी जवळपास ३ लाख मृत्यू होतात, असा २०१९ सालचा अंदाज आहे. रुग्णसंख्येत भारताचा वाटा सर्वांत मोठ्या वाट्यांपैकी एक आहे.

म्हणजे आपल्याकडे झडप बदलावी लागणारा रुग्ण अनेकदा सत्तरीतला आजोबा नसतो. तो विशी-तिशी-चाळिशीतला असतो, आणि बऱ्याचदा ती स्त्री असते. पुढचा सगळा हिशेब या एका फरकामुळे बदलतो.

बदली झडपा कोणत्या असतात?

दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला यांत्रिक झडपेचा. ती धातू, कार्बन किंवा खास प्लास्टिकची असते. ती झिजत नाही, पण तिच्यावर रक्ताची गुठळी जमण्याचा धोका असतो, म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. दुसरा जैविक झडपेचा. ती डुकराच्या झडपेपासून किंवा गोवंशाच्या हृदयावरणापासून बनवतात. तिला ती गोळी सहसा कायमची लागत नाही, पण ती काही वर्षांनी झिजते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. वय जितके कमी, तितकी ही झीज जलद होते.

बदली मायट्रल झडपेची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९६० साली अमेरिकेत ओरेगन राज्यात झाली. शल्यविशारद अल्बर्ट स्टार आणि अभियंता लोवेल एडवर्ड्स यांची ती ‘पिंजऱ्यातला चेंडू’ पद्धतीची झडप होती. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी झडप विकसित झाली. आधीचे नमुने चाचण्यांत टिकले नाहीत. साहित्य बदलत बदलत चौथा नमुना जमला. डिसेंबर १९९० मध्ये ही ‘चित्रा’ झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. आयात झडपेच्या तुलनेत ती स्वस्त होती. त्यानंतर देशात १ लाखाहून अधिक चित्रा झडपा वापरल्या गेल्या.

‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली’ म्हणजे नेमके काय?

डॉक्टर बाहेर येऊन ‘ऑपरेशन यशस्वी’ म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ रुग्ण टेबलावरून सुखरूप उतरला इतकाच असतो. रुग्णालयांच्या आकडेवारीत साधारणपणे ३० दिवसांतील किंवा रुग्णालयातून घरी जाईपर्यंतचे मृत्यू मोजले जातात. हा आकडा महत्त्वाचा आहे, पण तो शल्यचिकित्सा आणि अतिदक्षता विभागाचे कौशल्य सांगतो. झडपेचे पुढचे आयुष्य त्यातून कळत नाही.

एकेकाळी प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने परिणाम सांगायचे. एकाच्या लेखी जो ‘गुठळीचा झटका’, तो दुसऱ्याच्या लेखी ‘तात्पुरती चक्कर’. मग तुलना करायची कशी? १९८८ मध्ये अमेरिकेतील हृदय-शल्यविशारदांच्या संघटनांनी समान व्याख्या ठरवल्या. झडपेची झीज, झडपेवर गुठळी होणे, गुठळी सुटून मेंदूत किंवा अन्यत्र जाणे, रक्तस्राव, झडपेला जंतुसंसर्ग आणि पुन्हा शस्त्रक्रिया, अशा गुंतागुंती एकाच मापाने मोजायच्या असे ठरले. पुढे १९९६ आणि २००८ मध्ये त्यांत सुधारणा झाल्या. आज जगात कुठेही झडपेवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला की साधारण याच चौकटीत होतो.

‘रुग्ण-वर्ष’ ही काय भानगड?

शंभर रुग्णांपैकी काहींना झडप बसवून दहा वर्षे झालेली असतात, काहींना सहा महिने. सगळ्यांची सरसकट टक्केवारी काढली तर चित्र चुकीचे दिसते. म्हणून ‘रुग्ण-वर्ष’ हे एकक वापरतात. एक रुग्ण एक वर्ष पाहिला की एक रुग्ण-वर्ष. दहा रुग्ण प्रत्येकी तीन वर्षे पाहिले की ३० रुग्ण-वर्षे.

चित्रा झडपेचेच उदाहरण घ्या. डिसेंबर १९९० ते जानेवारी १९९५ या काळात देशातील सहा केंद्रांवर ३०६ रुग्णांना ती बसवली गेली. त्यांपैकी १०१ जणांची महाधमनीची आणि २०५ जणांची मायट्रल झडप बदलली. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या टप्प्यातून वाचलेल्या २८५ जणांचा पाठपुरावा झाला आणि तो भरला १,२१२ रुग्ण-वर्षे. म्हणजे माणशी सरासरी सव्वाचार वर्षे. एवढ्या काळात किती गुठळ्या, किती रक्तस्राव, किती मृत्यू, हे पाहून झडपेचा दर ठरला. एखाद्या देशी उपकरणावर विश्वास ठेवायचा की नाही, हे असे मोजल्यावरच सांगता येते.

आता याच दराचा अर्थ वयानुसार कसा बदलतो ते पाहा. समजा, एखाद्या गुंतागुंतीचा दर वर्षाला २ टक्के आहे. ऐकायला तो किरकोळ वाटतो. ६५ वर्षांच्या माणसासाठी पुढच्या दहा वर्षांचा हिशेब केला तर शंभरातल्या सुमारे १८ जणांना ती गुंतागुंत होईल. २५ वर्षांच्या मुलीसाठी ४० वर्षांचा हिशेब केला तर हाच दर शंभरातल्या सुमारे ५५ जणींपर्यंत जातो. चक्रवाढ व्याजासारखाच हा प्रकार आहे. झडप तीच आणि टक्काही तोच, पण आयुष्य लांब असल्याने ओझे वाढते.

याची दुसरी बाजूही आहे. ८० वर्षांच्या रुग्णाची जैविक झडप २० वर्षांत झिजेल का, हा प्रश्न बहुतेक वेळा कागदावरचाच राहतो, कारण तोवर इतर कारणांनी आयुष्य संपण्याची शक्यता जास्त असते. अल्बर्ट स्टार यांच्याबरोबर काम करणारे संख्याशास्त्रज्ञ गॅरी ग्रुंकेमायर यांनी हा मुद्दा सातत्याने मांडला. झडप किती टिकेल आणि रुग्णाला तिच्या बिघाडाला प्रत्यक्ष किती सामोरे जावे लागेल, हे दोन वेगळे आकडे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. रुग्णाच्या कामाचा आकडा दुसरा.

यांत्रिक की जैविक? आकडे काय सांगतात?

या प्रश्नावरचा एक प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झाला. १९७७ ते १९८२ या काळात १३ केंद्रांवरील ५७५ पुरुषांना चिठ्ठी टाकल्यासारखे, कोणतीही निवड न करता, यांत्रिक किंवा जैविक झडप दिली गेली. १५ वर्षांनी पाहिले तेव्हा महाधमनीची झडप बदललेल्यांत यांत्रिक गटातील ६६ टक्के, तर जैविक गटातील ७९ टक्के रुग्ण दगावले होते. मायट्रल झडपेच्या बाबतीत मृत्यूंमध्ये मोठा फरक नव्हता. जैविक झडपा जास्त झिजल्या, यांत्रिक झडपांच्या गटात रक्तस्राव जास्त झाला. विशेष म्हणजे पहिल्या दहा-अकरा वर्षांत दोन गटांतला फरक फारसा दिसतच नव्हता. पाठपुरावा पाच वर्षांत थांबवला असता तर निष्कर्षच वेगळा निघाला असता.

२०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील १९९६ ते २०१३ दरम्यानच्या हजारो शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. महाधमनीच्या झडपेसाठी यांत्रिक झडपेचा जगण्याच्या दृष्टीने फायदा वयाच्या ५५ पर्यंत, तर मायट्रल झडपेसाठी ७० पर्यंत दिसला.

म्हणजे तरुण रुग्णाला यांत्रिक झडप, हिशेब संपला? इथेच थांबायला हवे. हे अभ्यास ज्यांच्यावर झाले ते बहुतेक रुग्ण वयस्कर होते. माजी सैनिकांच्या अभ्यासात तर एकही स्त्री नव्हती. गोळी नियमित मिळते आणि रक्ताची तपासणी वेळेवर होते, हे त्या देशांत गृहीत धरलेले होते. लोहारा-उमरगा पट्ट्यात ते गृहीत धरता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

‘आयएनआर’ : झडपेचे आयुष्य ठरवणारा आकडा

यांत्रिक झडप असलेल्या रुग्णाला वॉरफेरिन किंवा असेनोकौमॅरॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते. रक्त किती पातळ आहे, हे ‘आयएनआर’ या तपासणीतून कळते. निरोगी माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. यांत्रिक झडपेत झडपेची जागा आणि प्रकार पाहून तो साधारण अडीच ते तीनच्या आसपास ठेवतात. तो खाली गेला तर झडप गुठळीने अडकू शकते किंवा पक्षाघात होऊ शकतो. फार वर गेला तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

आयएनआर अनेक गोष्टींनी हलतो. पालक, मेथी, शेपू, चाकवत अशा पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करते. याचा अर्थ भाजी बंद करायची असा नाही, तर आठवड्याचे प्रमाण साधारण सारखे ठेवायचे. दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, काही अँटिबायोटिक्स, अनोळखी चूर्ण-काढे आणि दारू यांनीही हिशेब बिघडतो. सुगीच्या दिवसांत जेवणाच्या वेळा पाळल्या जात नाहीत, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे औषध मध्येच संपते. अशा वेळी आयएनआर कुठल्या कुठे जातो आणि रुग्णाला कळतही नाही.

रोजची तपासणी नको, पथ्य नको, अशा नव्या गोळ्या आल्या आहेत. मग त्या का देत नाहीत, असा प्रश्न रुग्ण विचारतात. त्याचेही उत्तर परिणामांच्या अभ्यासाने दिले आहे. यांत्रिक झडपेच्या रुग्णांवर डॅबिगॅट्रान या गोळीची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण नव्या गोळीच्या गटात ५ टक्के रुग्णांना पक्षाघात झाला, वॉरफेरिनच्या गटात एकालाही झाला नाही. अॅपिक्साबॅनची चाचणी २०२२ मध्ये थांबली. तिथे गुठळीच्या गुंतागुंतीचा दर वर्षाला ४.२ टक्के, तर वॉरफेरिन गटात १.३ टक्के होता.

स्वतःची झडप ऱ्हुमॅटिक आजाराने खराब झालेल्या आणि हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या साडेचार हजार रुग्णांवरील ‘इन्व्हिक्टस’ हा अभ्यासही २०२२ मध्येच आला. त्यात भारतासह २४ देश होते. तिथेही जुनी गोळी नव्या रिव्हरॉक्साबॅनपेक्षा सरस ठरली आणि मृत्यू कमी झाले. या अभ्यासाचा एक तपशील आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. सुरुवातीला जुन्या गोळीच्या गटातील सुमारे एक तृतीयांश रुग्णांचाच आयएनआर योग्य पट्ट्यात होता. अभ्यासात नियमित तपासणी सुरू झाल्यावर हे प्रमाण अर्ध्याच्या वर गेले. रुग्ण तेच, गोळी तीच. बदलले ते तपासणीचे वेळापत्रक.

घरीच बोटातून थेंबभर रक्त घेऊन आयएनआर पाहण्याची छोटी यंत्रेही आहेत. अशा स्व-तपासणीवरील २८ चाचण्यांचा एकत्र आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुठळीच्या घटना सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसल्या. प्रत्येक घरात यंत्र ठेवणे परवडणारे नाही. पण ग्रामीण रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात एक यंत्र आणि त्याच्या पट्ट्या असतील तर आसपासच्या रुग्णांची एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे वाचते.

स्त्रियांसाठी प्रश्न वेगळा का?

समजा, सास्तूर परिसरातील २२ वर्षांच्या विवाहितेची मायट्रल झडप बदलायची आहे. यांत्रिक झडप बसवली तर गोळी आली. वॉरफेरिन गटातील गोळी गर्भाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, अपाय करू शकते. ती थांबवून इंजेक्शन सुरू केले तर झडपेवर गुठळीचा धोका वाढतो. जैविक झडप बसवली तर गरोदरपण तुलनेने सोपे, पण पुढे दुसरी शस्त्रक्रिया जवळपास ठरलेली.

युरोपीय हृदयरोग संघटनेच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीवर आधारलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात यांत्रिक झडप असलेल्या २१२ गर्भवतींची माहिती होती. गंभीर गुंतागुंतीशिवाय जिवंत बाळ हाती आले असे त्यांपैकी फक्त ५८ टक्के जणींबाबत घडले. जैविक झडप असलेल्यांत हे प्रमाण ७९ टक्के होते.

त्यामुळे अशा मुलीच्या झडपेची निवड करताना मूल हवे आहे का, कधी हवे आहे, हे तिच्याशी बोलणे हा उपचाराचाच भाग आहे. ही चर्चा केवळ सासरे किंवा नवऱ्याशी करून भागत नाही. दिवस गेल्यावर नव्हे, तर त्याआधी हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटणे आवश्यक असते.

संपर्क तुटलेला रुग्ण कोणत्या रकान्यात जातो?

परिणामांच्या अभ्यासाची सर्वांत कमकुवत जागा इथे आहे. १९५८ मध्ये कॅप्लन आणि मायर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी जगण्याची शक्यता काढण्याची पद्धत मांडली. रुग्ण ज्या तारखेपर्यंत दिसला तोपर्यंत त्याला मोजायचे, त्यानंतर त्याला हिशेबातून बाजूला ठेवायचे. न दिसणारे रुग्ण दिसणाऱ्यांसारखेच आहेत, असे ही पद्धत गृहीत धरते.

पण तपासणीला न आलेला रुग्ण बरा आहे म्हणून आला नाही, की भाड्याला पैसे नव्हते म्हणून? की तो हयातच नाही? लोहारा-उमरगा भागातून हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी माणसे सोलापूर, लातूर, पुणे किंवा हैदराबादला जातात. वर्षभराने झडप अडकून गावातच मृत्यू झाला तर शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाला ते कळण्याची कोणतीही आपोआप चालणारी व्यवस्था नाही. मृत्यू ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदला जातो, झडपेची नोंद रुग्णालयाच्या फाइलमध्ये राहते. दोन्ही कागद एकमेकांना भेटत नाहीत. परिणामी, ज्यांची अवस्था सर्वांत वाईट, तेच आकडेवारीतून गळतात आणि निकाल असतो त्यापेक्षा चांगला दिसतो.

नोंदींची किंमत जगाने एकदा मोजलेली आहे. १९७९ ते १९८६ या काळात जगभर सुमारे ८६ हजार रुग्णांना ‘ब्यॉर्क-शायली’ या झडपेचा एक विशिष्ट नमुना बसवला गेला. काही झडपांतील धातूची दांडी अचानक तुटू लागली. अशा ६०० हून अधिक घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेक रुग्ण दगावले. झडप बाजारातून मागे घेतली गेली, पण छातीत बसलेली झडप मागे घेता येत नाही. कोणत्या रुग्णाला कोणत्या क्रमांकाची झडप आहे, तो आता कुठे राहतो, हे शोधावे लागले. ज्या देशांत नोंदी नीट होत्या तिथे धोका जास्त असलेले रुग्ण वेगळे काढून त्यांची झडप बदलण्याचा विचार तरी करता आला.

सरकारी योजना शस्त्रक्रियेचा खर्च देते, पुढे काय?

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या अखेरीस राज्यभर पोहोचली. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते, ते जुलै २०२४ पासून ५ लाखांपर्यंत गेले. झडप बदलण्यासह हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्या यादीत आहेत. एरवी जमीन विकून किंवा सावकाराकडे जाऊन होणारी शस्त्रक्रिया यामुळे अनेकांच्या आवाक्यात आली, ही मोठी गोष्ट आहे. ठरावीक उपचारांसाठी पाठपुराव्याच्या १२१ सेवाही योजनेत धरल्या होत्या.

पण झडपेचा पाठपुरावा वर्षभराचा नसतो, तो आयुष्यभराचा असतो. योजनेकडे प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद असते. रुग्णाचे नाव, गाव, शिधापत्रिका आणि रुग्णालय त्यात असते. ही नोंद मृत्यू नोंदणीशी जोडली, वर्षातून एकदा आशा सेविकेमार्फत रुग्णाची विचारपूस झाली, तर राज्याच्या पैशातून बसवलेल्या झडपा किती टिकल्या हे कळू शकेल. त्यासाठी नवे रुग्णालय बांधावे लागत नाही.

रुग्णालयांचे निकाल जाहीर केले तर?

न्यूयॉर्क राज्याने १९९० पासून बायपास शस्त्रक्रियेचे रुग्णालयवार निकाल प्रसिद्ध करायला सुरुवात केली. १९८९ ते १९९२ या काळात तिथला जोखीम लक्षात घेऊन काढलेला मृत्युदर ४.१७ टक्क्यांवरून २.४५ टक्क्यांवर आला. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल येथील रुग्णालयात १९९१ ते १९९५ दरम्यान हृदयशस्त्रक्रियेनंतर एक वर्षाखालील ३० ते ३५ बालकांचे अपेक्षेपेक्षा जास्त मृत्यू झाल्याचे २००१ च्या चौकशी अहवालात समोर आले. त्यानंतर तिथे निकाल खुले करण्याची चळवळ उभी राहिली.

मात्र, नुसता मृत्युदर जाहीर करणे घातक ठरू शकते. गंभीर रुग्ण स्वीकारणारे रुग्णालय कागदावर वाईट दिसेल, आणि आकडा सांभाळण्यासाठी डॉक्टर अत्यवस्थ रुग्णाला नाकारतील. न्यूयॉर्कमध्येही हा आक्षेप घेतला गेला. म्हणून रुग्णाचे वय, मूत्रपिंडाची स्थिती, हृदयाची ताकद असे घटक धरून आधी अपेक्षित जोखीम काढतात आणि मग प्रत्यक्ष निकालाशी तुलना करतात. ‘युरोस्कोअर’ हे असेच एक गणित आहे. ते १९९५ मध्ये युरोपातील आठ देशांतील १९ हजारांवर रुग्णांवरून बांधले गेले. तिशीतल्या ऱ्हुमॅटिक रुग्णाला ते जसेच्या तसे लावता येत नाही. आपल्याकडचे गणित आपल्याच रुग्णांच्या नोंदींवर बांधावे लागेल.

मुळात झडप बदलायची वेळच टाळता येईल का?

बऱ्याच प्रमाणात टाळता येते. बारा आफ्रिकी देश, भारत आणि येमेनमधील ३,३४३ ऱ्हुमॅटिक रुग्णांच्या ‘रेमेडी’ अभ्यासात दोन वर्षांत सुमारे १७ टक्के रुग्ण दगावले. मृत्यूच्या वेळचे मध्यक वय होते २८.७ वर्षे. दुसरीकडे युगांडात आजार सुप्त अवस्थेत असलेल्या ८१८ मुलांवरील अभ्यास २०२२ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. दर महिन्याला पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांत दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के मुलांचा.

हे बेंझाथीन पेनिसिलिन जुने आणि स्वस्त औषध आहे. ते वर्षानुवर्षे, ठरलेल्या तारखेला, न चुकता मिळणे ही अडचण आहे. भूकंपानंतर सास्तूरला उभे राहिलेले स्पर्श ग्रामीण रुग्णालय, आसपासची प्राथमिक आरोग्य केंद्रे, शाळांत तपासणीला जाणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके, अशी साखळी या भागात आहे. सांधेदुखी आणि तापाचे मूल वेळीच ओळखणे आणि त्याची इंजेक्शनची तारीख पाळणे हे काम याच साखळीचे आहे.

झडप बदललेल्या रुग्णाने काय जपावे?

- झडपेचे कार्ड : शस्त्रक्रियेनंतर झडपेचा प्रकार, आकार आणि क्रमांक लिहिलेले कार्ड मिळते. त्याचा फोटो घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा.
- आयएनआरची वही : तारीख, आकडा आणि गोळीचा डोस एका वहीत लिहावा. डॉक्टर बदलला तरी वही तीच ठेवावी.
- गोळी : ती स्वतःहून बंद करू नये, दुप्पट घेऊ नये. दात काढायचा असेल किंवा कोणतीही शस्त्रक्रिया असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. दातांच्या उपचारापूर्वी झडपेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक लागू शकते.
- धोक्याची चिन्हे : अचानक धाप, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, काळी शौच, न थांबणारा रक्तस्राव, यांत्रिक झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज मंद होणे. यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.
- ताप : आठवडाभर रेंगाळणारा ताप अंगावर काढू नये. परस्पर अँटिबायोटिक घेण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्यावी.
- पत्ता आणि फोन : गाव किंवा फोन क्रमांक बदलला तर शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाला कळवावे. रुग्णालयाचा फोन आला तर तब्येत चांगली असली तरी उत्तर द्यावे.

शेवटची सूचना किरकोळ वाटेल. पण कोणती झडप आपल्या मातीतल्या, आपल्या कामाच्या आणि आपल्या खाण्यापिण्याच्या माणसाला जास्त वर्षे साथ देते, हे पोर्टलंड किंवा कॅलिफोर्नियातील आकड्यांवरून पुरते कळणार नाही. त्यासाठी सास्तूर, लोहारा आणि उमरग्याच्या रुग्णांची नोंद दहाव्या आणि विसाव्या वर्षीही झालेली असायला हवी. योजनेचे आणि रुग्णालयांचे पुढचे वार्षिक आकडे जाहीर होतील, तेव्हा ‘किती शस्त्रक्रिया केल्या’ याच्या शेजारी ‘त्यांपैकी किती जण आज कसे आहेत’ हा रकाना आहे का, एवढे वाचकांनी नक्की पाहावे.